मेहेरबानी म्हणू नकोस

— नाही, नाही, गणोजी! तिथंच फसलास. पुन्हा म्हण. "आम्ही रंगारी लोक पिढ्यान्‌पिढ्या या घाटावर कापड धुतो" — बस्स, इथं थांब. पुढं ते "मालकांच्या मेहेरबानीनं" कशाला लावतोस? सवय? अरे भिया, माझ्या भावा, ती सवयच तर घात करते. उद्या देवासहून चौकशीचे साहेब येतील, सगळ्या गावासमोर विचारतील, घाटाची वाट कुणाची? तू म्हणायचं, गावाची. जागीरदारांनी बागेची भिंत घालून ती बंद केली, तेव्हा कुणाला विचारलं? कुणालाच नाही. आणि तुम्ही इतकी वर्षं जात होता ते कुणाला विचारून? — बोल ना! — कुणालाच न विचारता. हां. मेहेरबानी म्हणालास की परवानगी होती असं ठरतं, आणि परवानगी काय, देणारा काढूनही घेतो. मग तुमच्या चाळीस घरांनी कापड विहिरीत धुवायचं? रंगाऱ्याला नदी नाही म्हणजे गाव सोडायचंच की!

आणि बघ, डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच सांग. संवत छप्पनच्या दुष्काळात सगळं गाव त्याच वाटेनं पाण्याला जायचं, तूही आईबरोबर घागर घेऊन होतास — ते सांग. घाटाच्या दगडावर कापड आपटून आपटून खळगा पडलाय, केवढा, वीतभर? — साहेबांना म्हण, चला, हात घालून बघा. कागद बदलता येतो, दगड कुठून बदलणार? जागीरदार समोर खुर्चीत असतील. आत शिरताना एकदाच मुजरा, मग त्यांच्याकडे बघायचं नाही. तुझा काका विठोबा तिथंच गडबडला. मागच्या चौकशीत छान बोलत होता, एकदम मालक दिसले, हात जोडले आणि तोंडातून निघालं — मेहेरबानीनं. कारकुनानं लिहिलं, परवानगीनं. कोण कारकून? होता एक — बरं, मीच. आता अर्ज लिहितो, तेव्हा जबान्या मीच लिहायचो. असा बघू नकोस. जागीरदारांचे कारभारी, कामदारसाहेब, पाठीमागे उभे होते. म्हणाले, चिंतामणी, मेहेरबानी म्हणजे परवानगीच नव्हे का? मी म्हटलं, हो जी. एकच शब्द. विठोबानं अंगठा उमटवला.

जबानीची नक्कल हाती आल्यावर कुणीतरी त्याला वाचून दाखवली. आला माझ्याकडे, याच ओट्यावर, तू बसलायस तिथं. चिडला नव्हता रे, तेच वाईट. म्हणाला, उद्या पहाटे उतारावरून, पाणी उथळ आहे तिथून, नदी ओलांडतो, देवास गाठतो, साहेबांना सांगून दुरुस्ती करून घेतो. मी म्हटलं, जा. दुपारी कामदारसाहेबांनी सहज विचारलं, विठोबा कधी निघतोय, कुठून. मी सहज सांगितलं. मालकांच्या माणसानं विचारलं तर सांगायचं नाही? — तिसऱ्या दिवशी तो उताराजवळच सापडला. गुडघाभर पाणी, गणोजी. जन्म नदीत काढलेला माणूस, आणि गुडघाभर पाणी! पाय घसरला, असा पंचनामा झाला. तोही — असो. अक्षर चांगलं आहे ना माझं.

तेव्हापासून पाण्याचा आवाज मला सोसत नाही. लाज वाटते, भीतीही वाटते, म्हणून तुला शिकवतोय. तू उद्या नीट बोललास तर निदान — जाऊ दे. फक्त एक कर. आज नदीपलीकडच्या मुक्कामाला कुठून परत जाणार, उद्या कुठून येणार, ते मला सांगू नकोस. मला विचारतात. आणि विचारलं की मी — काय? उतारावरूनच? पहाटे? एकटा? अरे, सांगू नकोस म्हटलं ना! का सांगितलंस? मी ऐकलं नाही. ऐकलंच नाही. पुलावरून ये, चारचौघांबरोबर ये, पण — ऊठ. मागं बघू नकोस. ऊठ म्हणतो ना, ते येतायत!

— या, या कामदारसाहेब! बसा ना. आमच्या ओट्याला आपले पाय लागले — मेहेरबानी आपली. हा? हा कुणी नाही जी. वाट विचारत होता.

— कुठली, म्हणता?