नळांतला तोल

(कुंभकोणांतल्या एका मराठी घराचें परस. आइतवार सकाळ. सेतू उघडलेल्या नळापुढें उकिडवा बसला आहे. त्याची विधवा आत्या गंगाबाई सोवळें नेसून, रिकामी कळशी घेऊन, हातभर दूर उभी.)

गंगाबाई : मुठींत काय धरलास?

सेतू : काहीं नाही, आत्या. वायसर आहे. झिजला म्हणून नळ गळत होता.

गंगाबाई : मग दाखिव की.

सेतू : तू सोवळ्यांत आहेस. माझे हात घाण जाले आहेत.

गंगाबाई : हातांत कोण मागतें? लांबून दाखिव.

सेतू : थांब गे. पहिलें हें होऊं दे. पाणी जायची वेळ जाली.

गंगाबाई : त्या नळवाल्याला येऊं दे म्हणत होते मी.

सेतू : तो 'नाळैक्कु' म्हणून गेला. त्याचा उद्यां उजाडतच नाही. आठवडाभर आफिस, आणि आइतवारीं हें. कंबर धरली माझी.

गंगाबाई : सेतू, तें कातडें आहे, न?

सेतू : ...होय.

गंगाबाई : चपला उंबऱ्याबाहेर काढ म्हणून तुझ्यावर ओरडणारी मी. आणि देवाचा भात ह्या पाण्यानें.

सेतू : दुकानांत विचारीपर्यंत मला ठाऊक नव्हतें, आत्या. आंत अस्कें, वायसरसुद्धां, पितळ असतें समजलों. पण तू आतां परत विहिरीला जाऊं नको. मागल्या चैत्रांत चक्कर येऊन काठावर पडलीस, तेव्हां माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तुझा खांदा वर उचलत नाही.

गंगाबाई : जाते म्हणाले का मी?

सेतू : म्हणशील. मी आंघोळ करून पाणी ओढून देतों म्हटलों, तर होटलांत काफी पिणाऱ्याच्या हातचें नको म्हणतेस.

गंगाबाई : नकोच.

सेतू : बरें. हें पाहा, सायकलीच्या जुन्या ट्यूबांतून रबर कापलों आहे. रबर म्हणजे झाडाचा चीक. त्याला विटाळ कसला?

गंगाबाई : बसिव.

सेतू : बसिवलों. बाहेरची चावी सोडून येतों... हं, पाहा आतां.

गंगाबाई : गळतें आहे.

सेतू : जरा आवळतों.

गंगाबाई : अजून गळतें.

सेतू : ट्यूब पातळ पडते. दोन तुकडे घालून पाहूं?

गंगाबाई : पुरे रे. त्या टपटपीनें कान किटले. दुकानांत काय मिळतें?

सेतू : कातडेंच. नवें आणलों आहे, खिशांत आहे. पण लावत नाही. तंजावरास गेलों म्हणजे जाड रबर शोधतों. तोंवर गळूं दे. फक्त विहिरीला जाणार नाहीस म्हण.

गंगाबाई : खिशांतलें लाव.

सेतू : आत्या?

गंगाबाई : लाव. थकले मी. नळ बसविला त्या दिवशीं तू आफिसांत होतास. मी त्या माणसाला विचारले, आंत काय आहे रे? तो म्हणाला, 'तोल.'

सेतू : तोल म्हणजे कातडेंच की, तमिळांत.

गंगाबाई : आणि घरांत, आपल्या बोलण्यांत? तोल सांभाळ म्हणतों, तो तोल. पाण्याचा तोल राखायला काहीं असेल आंत, म्हणून मान हालविले. कळशी भरून घेतले.

सेतू : आत्या, बाजार अस्का तूच करतेस. तुझें तमिळ माझ्याहून चांगलें.

गंगाबाई : चांगलें आहे. त्या दिवशीं खांदा फार दुखत होता रे. मी मराठींत ऐकले.