जमालुद्दीनची अंडी

सन दोन हजार अठरा, सप्टेंबरची अकरा तारीख, मोहरमचा पहिला दिवस, रियाधमध्ये उन्हाळा अजून दार अडवून बसलेला, आणि मी, एकतीस वर्षं पडदे विकलेला माणूस, स्वतःच्या दुकानात उभा, कारण माझ्या खुर्चीवर दुसराच बसलेला! स्वतःच्या म्हणजे... दुकान मालकाचं, खुर्ची मालकाची, पण बूड माझं होतं ना? एकतीस वर्षं?

कायदा आला, गिऱ्हाइकापुढे आता सौदी माणूस पाहिजे. मालक म्हणाला, बदरुद्दीन, तू मागे गोदाम सांभाळ, हाशमला काम शिकव, मग बघू. मग बघू म्हणजे काय ते मला कळतं. मी चौथी शिकलोय, खुळा नाही. आणि हा हाशम, बत्तीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप, मला अम्म बदर म्हणतो, म्हणजे बदरकाका, आणि बसतो कुठे? माझ्या खुर्चीवर.

बरं, हे घेऊन घरी जावं तर घरी कोण? सरडा. तुम्हाला सांगतो, मी सरडा पाळणारा माणूस नव्हे. श्रीवर्धनला आम्ही पोरं सरडा दिसला की दगड उचलायचो, तो मान हलवून आपल्याला वेडावतो म्हणून. माझा मुलगा राहील लहानपणी एकदा मांजराचं पिल्लू घेऊन आला, त्याला मी पिल्लासकट जिन्यात उभा केला होता. आणि त्याच राहीलने आपल्या मुलीला पाखरांच्या बाजारातून सरडा आणून दिला, तेव्हा मी? गप्प. कारण ठरलं होतं ना... घरातल्या माणसांमागे सरकारी फी बसली, दरवर्षी वाढणारी, तेव्हा सून सफूरा आणि नात सहर, दोघींनी शाळेला सुट्टी लागली की कायमचं गावाला जायचं. पोर रडून रडून तापली, मग बापाने सरडा आणला. जाणाऱ्या पोरीला सरडा! विमानात नेता येतो का? मग राहिला कोणाच्या गळ्यात?

राहील अल खर्जला डेअरीत नोकरीला, गुरुवारी येतो, शनिवारी जातो. मधले सगळे दिवस अल मलाझच्या त्या तीन खोल्यांत मी आणि जमालुद्दीन. नाव सहरने ठेवलं. डोक्यावर टोपी घातल्यासारखा उंच तुरा, म्हणून जमालुद्दीन. विमानतळावर तिने माझ्या हातात वहीचं एक पान ठेवलं. नियम! मला, नियम! मला वाचता यावं म्हणून आईला विचारून विचारून काढलेली मराठी अक्षरं, एकेक बोराएवढं. दादा, म्हणजे आजोबा, तर दादा, याला वाटीतलं पाणी कळत नाही, पानांवर फवारा मारायचा, तो थेंब चाटतो. दिवा बारा तास. खायला रातकिडे, जिवंत. हात लावायचा नाही, घाबरून काळा पडतो.

झालं. सकाळ-संध्याकाळ सफूराची इस्त्रीची पाण्याची बाटली घेऊन मी पानांवर फुसफुस करतोय, आणि हा बघतो कसा, एक डोळा माझ्याकडे, एक दिव्याकडे. एकतीस वर्षांत मालकाने मला अर्ध्या डोळ्याने बघितलं नाही कधी! एक रातकिडा सुटला, फ्रीजखाली जाऊन बसला, मी नमाजला उभा राहिलो की हा सुरू. मी मारला नाही त्याला. घरात तेवढाच आवाज होता.

दर शुक्रवारी सहरचा फोन. "दादा, जमाल को दिखाओ ना." माझी तब्येत? नाव नको. मी फोन पिंजऱ्यापुढे धरायचा, ती जमालुद्दीनशी बोलायची, आणि मी हाताला रग लागेपर्यंत मागे उभा. पण अर्धा तास तिचा आवाज त्या खोलीत असायचा. सरडा आहे तोवर फोन आहे... हे मी राहीललाही बोललो नव्हतो, आता तोंडातून निघून गेलं. मी सरडा पाळणारा माणूस नव्हे.

ऑक्टोबरात जमालुद्दीनने खाणं टाकलं. फांदीवरून उतरायचा आणि पिंजऱ्याचा तळ खरवडत बसायचा, दिवसभर, अंगावर काळपट डाग, पोट फुगलेलं. मला वाटलं, याला पळायचंय. म्हटलं, बाबा रे, जायचं कुठे पण? बाजारातल्या विकणाऱ्याला फोटो दाखवला, तर तो म्हणतो, हा खलास, नवा घेऊन जा. सगळीकडे हेच चाललंय का हो?

आणि त्याच आठवड्यात हाशमची पहिली मोठी ऑर्डर. कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीचे पडदे, मखमलीचे. आता मखमलीला लव असते, वरून खाली हात फिरवला तर एक रंग, खालून वर फिरवला तर दुसरा. तुकडे उलटसुलट कापले, तर एकाच ताग्यातला माल दोन रंगांचा दिसतो आणि सगळं कापड वाया. झालरीचे तुकडे एका बाजूला निमुळते असतात, म्हणून कापड वाचवायला हाशमने खडूने आखले कसे? एक सुलटा, एक उलटा. मी बघितलं. आणि बोललो नाही. का बोलू? शनिवारी कातर लागणार, मालक कपाळाला हात लावणार, आणि म्हणणार, बदरुद्दीनला बोलवा.

गुरुवारी मी गोदामात तोच फोटो बघत बसलेला, हाशम मागून वाकला. म्हणाला, हिरबा, म्हणजे सरडा, आमच्या अभाच्या डोंगरात पुष्कळ. मग म्हणतो, "हिया आजारी आहे, अम्म." हिया म्हणजे ती. मी म्हटलं, हुवा. तो. जमालुद्दीन आहे. तो म्हणाला, हिया. मी म्हटलं, हुवा! एकतीस वर्षं माझ्या अरबीत बायकांचे पुरुष होतात आणि पुरुषांच्या बायका, गिऱ्हाइकं तोंड फिरवून हसतात, मला वाटलं हाही हसतोय. आणि आपल्याकडे काय, पाल ती आणि सरडा तो, कोणी कधी उचलून बघितलंय?

त्याने फोटो मोठा केला. नराच्या मागच्या टाचेला काटा असतो, इथे नाही. "पोटात अंडी आहेत, अम्म. नर नसला तरी होतात. खणायला ओली वाळू पाहिजे, नाही तर मरेल."

राहीलला त्या आठवड्यात सुट्टी नव्हती, आणि शुक्रवारी जुम्म्यानंतर हा माणूस बादलीभर ओली वाळू घेऊन माझ्या दारात. तिसरा मजला, लिफ्ट बंद, पांढऱ्या झग्यावर चिखल. बादली पिंजऱ्यात ठेवली, वरून चादर टाकली, म्हणाला, कोणी बघत असेल तर ती घालत नाही. मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात, कोरा चहा घेत. सहरचा फोन वाजला, मी उचलला नाही. पहिल्यांदा. दिवस मावळला, मगरिबच्या अजानला त्याने चादरीचं टोक उचललं. ती मागच्या पायांनी खड्डा बुजवत होती. आम्ही वाळू उपसली, अठ्ठावीस अंडी. मी विचारलं, पिल्लं कधी निघतील? तो म्हणाला, नर नव्हता, अम्म. यातून काही निघत नाही.

अठ्ठावीस. आणि काही निघत नाही.

सहरला मीच फोन लावला, सगळं सांगितलं. पोरीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो दादा, जमीला बोलो ना." आणि मग, जून महिन्यापासून पहिल्यांदा, "आपने खाना खाया?"

मी सरडा पाळणारा माणूस नव्हे... सरडी पाळत होतो.

शनिवारी दुकानात हाशमने कातर उचलली. मी त्याचा हात धरला, मखमलीवरून फिरवला, वरून खाली, मग खालून वर. त्याने रंग बघितला, खडूच्या खुणा बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सगळे एकाच बाजूने." त्याने खुणा झटकल्या, पुन्हा आखल्या. संध्याकाळी मालकाने त्याची पाठ थोपटली आणि त्याच्यासाठी माझ्या खुर्चीला नवी गादी शिवायला सांगितली.

बादलीभर वाळूचं देणं फिटलं.