पांढऱ्या उंदरांना दादाची सवय होती

…आणि वर मॅडम मलाच म्हणतात, पिंजऱ्यात हात हळू घाला. अहो, हळूच घातला होता. तुम्हाला सांगतो, त्या काळ्या उंदरापुढे हळू काय नि जोरात काय, तो आधी चावतो आणि मग बघतो कोण आलंय ते. पांढऱ्याचं उलटं. तो चावत नाही, पण झाकण उचललं की कोपऱ्यात असा आकसून बसतो, जसा काही मी कसाईच. तपकिरी तर त्याहून नाजूक. माझ्या हातातून किल्ल्यांचा जुडगा पडला, खण्णकन वाजला, की त्यांचं एक पिल्लू आडवं, चारी पाय झाडतंय. आता यात माझी काय चूक?

मॅडम, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई, समजावून सांगतात. "वीस पिढ्या सख्ख्या बहीणभावांचीच जोडी लावलीय. त्यामुळे एका वाणाचे सगळे उंदीर आतूनबाहेरून एकसारखे. एक ओळखलात की सगळे ओळखलेत." मी म्हटलं, असेल मॅडम, आम्ही तर नुसते सख्खे भाऊ. आम्ही म्हणजे मी नि दादा.

हे काम आधी दादा करायचा. सहा वर्षं. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, उंदीर उचलून देणं. पाच आठवड्यांमागे, छातीत दुखतंय म्हणून खुर्चीत बसला, आणि… बसला. त्याच्या जागी मला घेतलं, महिनाभर बघू म्हणून. दादा कसा, तर दार लावलं तरी आवाज यायचा नाही. मी कसा, ते किल्ल्यांवरून कळलंच तुम्हाला. काय करणार, नुसते सख्खे भाऊ.

पहिल्या आठवड्यातच मॅडमनी कागद दाखवला. पांढऱ्याला एका मोठ्या उघड्या खोक्यात सोडतात आणि तो किती वेळ भिंतीला चिकटून चालतो ते मोजतात. जितका घाबरट तितका भिंतीला. तर कागदावर रेघ कित्येक महिने सपाट, आणि मग एका सोमवारी सरळ वर. तो सोमवार कुठला, हे वाचायला मला शाळा लागली नाही. काळ्यांची रेघ? जशीच्या तशी. त्यांना दादा गेला काय नि मी आलो काय.

"महिनाअखेर ही खाली नाही आली," मॅडम म्हणाल्या, "तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

दुसरा माणूस? दादाच्या पिंजऱ्यांत? तुम्हाला सांगतो, माझं डोकं उशिरा चालतं, हात आधी. दादाचा न धुतलेला सदरा घरी खुंटीवर होता. तो ॲप्रनच्या आत चढवला. आणि शेपटीला न धरता, दादासारखं ओंजळीत घेऊन उचलायला लागलो. चार दिवसांत रेघ वाकली. मॅडम म्हणतात, "काय जादू केलीत?" म्हटलं, काही नाही, भाऊ आहे मी त्याचा. मग रोज तोच सदरा, तीन आठवडे. बसमध्ये शेजारचे उठून उभे राहायचे, पण पांढरे कसे निवांत.

आणि परवा घरी जातो तर सदरा दोरीवर, पाणी गळतंय. आई म्हणते, "अरे, किती वास मारत होता." मी असा ओरडलो तिच्यावर, की शेजारी दारात आले. म्हटलं, तो दादाचा वास होता, आई. आता कुठून आणू मी तो?

ती चिमटे लावत राहिली. "दादाचा कधीच गेला होता रे त्यातून," म्हणाली. "तुझाच येत होता. जन्मभर दोघांचे कपडे धुतलेत मी, मला कळत नाही होय?"

दुसऱ्या दिवशी सदऱ्याशिवाय गेलो. म्हटलं, आज संपलं. झाकण उचललं, ओंजळ धरली. पांढरा आला, चढला, तोंड पुसलं आणि बसला. संध्याकाळी मॅडमनी रेघ दाखवली. दादाच्या वेळच्या रेघेला जाऊन मिळाली होती. आनंद व्हायला हवा ना? मला वाटलं, एवढ्यात विसरले?

"नोकरी पक्की," मॅडम म्हणाल्या. "फक्त एक करा. रजा घेऊ नका. त्यांना आता तुमची सवय झालीय."

मी म्हटलं, मॅडम, दादाने सहा वर्षांत एकदाच घेतली.

"हो ना," त्या म्हणाल्या, "आणि बघितलंत ना, रेघेचं काय झालं."

म्हटलं, नाही घेणार.