उन्हाळी अभ्यास

—नाही, नाही, ‘आपल्या निदर्शनास आणू इच्छिते’ वगैरे काही म्हणायचं नाही, डेल्फिना. तो आमदार रूडी स्टोल्ट्झफस आहे, वर्षातले चार महिने समितीचा अध्यक्ष आणि आठ महिने डुकरं पाळतो — डुकरं जास्त ऐकून घेतात असं तोच म्हणतो. बस इथे. बाक गार आहे, कोट खाली घे. लॉ कॉलेजात तुम्हाला चाळीस पानं लिहायला शिकवतात आणि मग ती विसरायला माझ्याकडे पाठवतात — बावीस वर्षं हाच माझा धंदा, पोरापोरींना विधिमंडळात आणायचं, विधेयक लिहून घ्यायचं, समितीपुढे उभं करायचं. न्यायाधीशाला कायदा कळतो असं आपण धरून चालतो ना? इथे नाही धरायचं. समितीत एक दातांचा डॉक्टर, एक मोटारी विकणारा, एक बाई मयतांचं सामान विकते — त्यातल्या त्यात दयाळू तीच.

तर पहिल्या वाक्यात आई. हो, तुझीच आई. अकरा दिवस हीटर बंद, घरमालक फोन उचलत नाही, आई उबेसाठी ओव्हनचं दार उघडं टाकून कोटासकट स्वयंपाकघरात झोपली — बस्स. मग मागणी: हीटर दोन दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर भाडं मागू नका. आभार मानायचे आणि खाली बसायचं. प्रश्न? कुणी नाही विचारणार. अगं, नाही म्हणते ना. उन्हाळी अभ्यासाला जाणाऱ्या विधेयकावर कोण कशाला प्रश्न —

हं. बोलून गेले.

अशी बघू नकोस. विधेयक सरळ पाडलं तर वाईट दिसतं, म्हणून ‘उन्हाळ्यात सखोल अभ्यास करू’ म्हणतात — आणि उन्हाळ्यात सगळे तळ्यावर मासे धरायला जातात, झाला अभ्यास. कुणी ठरवलं? रूडीने, आज सकाळी, खाली कँटीनमध्ये, ‘शुगर क्रीम पाय’ नावाचा तो सायीचा गोड पदार्थ खाता खाता. समोर मी होते. बरं बाई, मी हो म्हटलं. घरमालकांच्या संघटनेने त्याचे कान भरलेत, विधेयक बुडणारच होतं — आणि तो म्हणाला, व्हर्ना, आरडाओरडा करू नकोस, पुढच्या वर्षीही तुझी बारा पोरं समितीत काम शिकायला बसतील. बारा, डेल्फिना. त्यांनी कुठे शिकायचं मग? तुझ्या आईचा हिवाळा देऊन मी त्या जागा घेतल्या, असंच म्हणशील ना? म्हण. लाज वाटतेय मला, सकाळपासून वाटतेय. झालं समाधान?

रडतेस? नाही? मग हसतेस कशाला? बघ, दार उघडलं — थांब, आत या सगळ्या बायका कोण? पहिल्या दोन रांगा भरल्यात, विणकाम काढून बसल्यात. ती निळ्या स्वेटरवाली — ती तर रूडीची मावशी, त्याच्या टेबलावर फोटो आहे तिचा. आणि बाकीच्या त्याच्या चर्चमधल्या म्हणतेस, लहानपणी त्याचा कान धरून प्रार्थनेला नेणाऱ्या. तीन तास बसने आल्या? कुणी आणल्या? तू? रविवारी आईला घेऊन त्याच्या गावच्या चर्चमध्ये गेलीस, पंगतीला बसलीस, आईने त्यांना ते अकरा दिवस सांगितले — आणि मला बोलली नाहीस. बरोबरच केलंस. मी रूडीला सांगून मोकळी झाले असते.

आमदार ऐकत नसेल तर त्याच्या गावात जाऊन तो कुणाला भितो ते शोधायचं — हे कुणी शिकवलं तुला? मी? कधी? दुसऱ्या आठवड्यात. असेल. मी स्वतः बावीस वर्षांत एकदाही त्या गावात गेले नाही, कँटीन जवळ पडतं.

आला रूडी. मावशी दिसली वाटतं — बघ, बघ, टोपी काढली त्याने, आजवर कुणासाठी काढली नव्हती. आता कर म्हणावं अभ्यास. नाव पुकारतायत तुझं, ऊठ. ती बघ तुझी आई, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून बसलीये, कुणाला बसू देत नाहीये. कुणासाठी धरलीये जागा?

माझ्यासाठी?

नाही गं. जा तू. तिला सांग, व्हर्नाला काम निघालं. आणि दार लावून घे.