आठशे बारा टिंबं

ग्रंथपाल : या वाचनालयाच्या साठ वर्षांच्या इतिहासात एकाही संदर्भग्रंथावर कुणी खूण केलेली नाही. वार्षिक अहवालात मी हे दर वर्षी लिहिते.

मीटरवाले : आणि ही टिंबं?

ग्रंथपाल : तेच विचारतेय. इंग्रजी शब्दकोशाला तुमच्याशिवाय कोणी हात लावत नाही, आणि प्रत्येक पानावर पेन्सिलीचं टिंब आहे. सभासदत्व रद्द होतं यावर.

मीटरवाले : बाई, टिंबं माझ्या आधीपासून आहेत. मी फक्त पाठ केली.

ग्रंथपाल : टिंबं पाठ केलीत?

मीटरवाले : टिंबवाले शब्द. आठशे बारा. उद्या खात्याची इंग्रजीची परीक्षा आहे ना. अख्खा कोश कोण पाठ करणार? कुणीतरी जाणत्या माणसानं नेमके निवडून ठेवलेत. आमचे जुने साहेब इथंच बसून अभ्यास करायचे म्हणतात.

ग्रंथपाल : बघू तरी काय निवडलंय. ‘ऑइस्टर’?

मीटरवाले : कालव. शिंपल्यातलं.

ग्रंथपाल : ‘थिंबल’?

मीटरवाले : अंगुस्तान. शिवताना बोटात घालतात ते.

ग्रंथपाल : ‘डिले’?

मीटरवाले : त्याला टिंब नाही.

ग्रंथपाल : अहो, पण वीजखात्यात हाच लागेल की.

मीटरवाले : विचारायचं तर टिंबातलं विचारा, बाई. तीन वर्षं घातलीत त्यात. दोनदा नापास झालोय, ही तिसरी खेप, म्हणजे शेवटची. पास झालो तर पर्यवेक्षक, म्हणजे खुर्ची. नाहीतर निवृत्त होईपर्यंत हेच जिने. डॉक्टर म्हणतात, गुडघ्याला जिने बंद. आणि लोक मीटर बसवतात गच्चीच्या दाराशी.

शिपाई : बाई, जरा इकडे येता?

ग्रंथपाल : तिथूनच बोला, मामा.

शिपाई : इथून बोलण्यासारखं नाही.

(मीटरवाले शब्दकोश उचलून खिडकीशी जाऊन बसतात आणि पुटपुटायला लागतात.)

शिपाई : टिंबं माझी आहेत.

ग्रंथपाल : तुमची? तुम्हाला इंग्रजी कधीपासून यायला लागलं?

शिपाई : कुठलं येतंय? तुम्हीच म्हणालात, मोजणीच्या वेळी संदर्भग्रंथाचं पान न् पान बघा, फाटलंय का ते. वर म्हणालात, बघितलं कशावरून? मग मी पान बघितलं की टिंब द्यायला लागलो. एकाच वर्षी दिली. पुढच्या वर्षी तुम्ही विचारलंच नाही.

ग्रंथपाल : पण नेमकी शब्दाशेजारी?

शिपाई : पान धरलेला अंगठा जिथं यायचा, त्याच्या जरा वर.

ग्रंथपाल : म्हणजे हा माणूस तीन वर्षं तुमचा अंगठा पाठ करतोय.

शिपाई : सांगून टाकू?

ग्रंथपाल : आज? उद्या परीक्षा आहे, मामा. पायाखालची पायरी काढून घ्याल त्यांच्या. गप्प बसा. आणि त्यांना पाणी नेऊन द्या.

(तीन आठवड्यांनी.)

मीटरवाले : पास झालो. ही पेन्सिलींची पेटी वाचनालयाला. त्या जाणत्या माणसाच्या नावानं.

शिपाई : द्या इकडे.

ग्रंथपाल : टिंबातले किती आले पेपरात?

मीटरवाले : एक. अंगुस्तान. तेही मीच निबंधात घुसवलं.

ग्रंथपाल : निबंधाचा विषय?

मीटरवाले : विजेची बचत.

ग्रंथपाल : आणि बाकीचा पेपर?

मीटरवाले : दिला ठोकून. पण आठशे शब्द पाठीशी असले ना बाई, की माणूस चुकतानासुद्धा घाबरत नाही. आता सगळं ऑफिस विचारतंय, कोश कुठला म्हणून. पुढच्या वर्षीच्या परीक्षेसाठी सहाजण यायचेत सोमवारी.

शिपाई : मग मी रविवारी एकदा मोजणी करून घेतो.

ग्रंथपाल : मामा, ती पेटी कपाटात ठेवा. किल्ली माझ्याकडे द्या. बरं, एकूण पास किती झाले?

मीटरवाले : एकच. जागाही एकच होती.

ग्रंथपाल : आणि परीक्षेला बसले होते किती?

मीटरवाले : एकच.