राखते की देते

मुद्रितशोधक : ...बसत नाही मास्तर, आधी ऐकून घ्या. मी आज सुनावणीला मागच्या बाकावर होतो.

मास्तर : पाहिलं तुला. माझ्या पोराची कैद वर्षभर वाढवली, त्यात तू कशाला तोंड लपवतोस?

मुद्रितशोधक : सरकारी वकिलाने तुमचा धडा वाचला.

मास्तर : वाचला ना. नववीचं नागरिकशास्त्र. ‘सरकार माणसाला हक्क देते.’ म्हणे, दिलेलं परतही घेता येतं, खुद्द कैद्याच्या बापानेच लिहून ठेवलंय. पोराचा गुन्हा काय, तर झडतीला आलेल्यांना दारात अडवून म्हणाला, आधी हुकमाचा कागद दाखवा.

सूनबाई : बाबा, पाणी घ्या. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या.

मुद्रितशोधक : ते वाक्य तुमचं नाही, मास्तर.

मास्तर : माझं नाव आहे धड्यावर.

मुद्रितशोधक : तुम्ही लिहिलं होतं, ‘सरकार माणसाचे हक्क राखते.’ छपाईच्या आदल्या दिवशी पुस्तक मंडळाच्या साहेबांचा फोन आला. म्हणाले, ‘राखते’ गावठी वाटतं, सरकार काय राखणदार आहे? ‘देते’ करा. तुम्ही परगावी होतात. मला वाटलं, भाषेचीच बाब आहे. त्याच ओळीत एक वेलांटी चुकली होती, ती मी दोनदा तपासली. आणि हे...

मास्तर : राखणदारच वाटायला हवं होतं रे. माणूस हक्क घेऊनच जन्माला येतो. जीव त्याचा, जीभ त्याची, घामाचं चार हात शेत त्याचं. सगळ्यांनी मिळून राखणदार नेमला म्हणून शेत राखणदाराच्या बापाचं होत नाही. तो मालकासारखा वागायला लागला, तर त्याला काढायचाही हक्क आपलाच. सगळा धडा त्या एका शब्दावर उभा होता.

सूनबाई : काका, बाबांच्या हातचं लिहिलेलं काही आहे तुमच्याकडे?

मुद्रितशोधक : हे घ्या. मूळ पान. खोडलंय ते माझ्या हाताने. नोकरी गेली तरी चालेल, मी साक्ष देतो.

मास्तर : बारा वर्षं झाली. मी निवृत्त झालो आणि ते पुस्तक कधी उघडलंच नाही. स्वतःचं लिहिलेलं काय वाचायचं.

सूनबाई : बाबा, न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा तुम्ही ‘हो’ का म्हणालात?

मास्तर : विचारलं, धडा तुमचाच ना? छापलेलं समोर होतं. म्हटलं, वय झालं, लिहिलंही असेल आपण. दुसऱ्यावर ढकलायचं कसं? म्हणालो, हो, माझाच.

(मास्तर पान डोळ्यांजवळ धरतात.)

मुद्रितशोधक : मुलाने ऐकलं?

मास्तर : तोवर तो माझ्याकडेच पाहत होता. लहानपणापासून हेच शिकवलं त्याला, कागद मागायचं धाडस त्यातूनच आलं. मी ‘हो’ म्हणालो आणि त्याने मान वळवली. नेताना मी हाक मारली, तरी वळून पाहिलं नाही.

मुद्रितशोधक : पुढच्या भेटीला मी येतो. त्याच्या पाया पडून सांगतो.

सूनबाई : आपले वकील वरच्या कोर्टात दाद मागतील, तेव्हा हे पान लागेल. पण भेट नाही काका. आजच्या हुकमात भेटी बंद केल्यात, वकिलांच्याही, चिठ्ठीसुद्धा. वर्षभर आत त्यांना वाटत राहणार, बाबांनीच लिहिलं होतं.