भरलेली नळी

भाची : एवढंच विचारतेय, मामा. बरणी अर्धी कशी झाली? दाण्यांना काय पाय फुटले?

मामा : प्रयोगशाळेत सर म्हणायचं ठरलंय ना आपलं? आणि हळू बोल.

भाची : हळूच बोलतेय. दाणे मी स्वतः बनवले, नळीत एकदा भरले आणि उरलेले या बरणीत ठेवून झाकण लावलं. त्यानंतर बरणीला हात लावायचं कुणाला कारणच नव्हतं.

मामा : मी घेतले थोडे. नळीत टाकले.

भाची : चाचणी चालू असताना?

मामा : अगं, चिमूटभर. ॲसिडनं धुतलं की दाण्यांची पातळी जराशी उतरायची. कंपनीची माणसं येऊन बघतात, अर्धवट नळी बरी दिसते का? तुझ्या आजीची शिकवण आहे, पाहुण्यांपुढे रिकामं भांडं ठेवू नये.

भाची : ही काय साखरेची बरणी आहे? तुम्हीच शिकवलंत ना मला? खाऱ्या पाण्यातलं लिथियम हे दाणे धरून ठेवतात आणि ॲसिडनं धुतलं की सोडतात. पण धुताना दाणेही विरघळतात, तिथंच सगळ्यांचं घोडं अडतं. म्हणून तर मी त्यांना मुलामा दिला. पातळी उतरली नाही, म्हणजे मुलामा टिकला, असं भर सभेत सांगून आले मी.

मामा : मुलामा खोटा नाही गं. पूर्वीपेक्षा कितीतरी कमी विरघळतात.

भाची : किती कमी, ते आता देवालाही सांगता येणार नाही.

मामा : तुझं इतकं कौतुक चाललं होतं. म्हटलं, थोडक्यासाठी पोर तोंडघशी पडायला नको.

भाची : म्हणजे पाहुण्यांसाठी नव्हतं ते. कळून-सवरून टाकलेत.

(मामा चष्मा काढून पुसत राहतात.)

भाची : केसानं गळा कापलात, मामा. परक्यानं केलं असतं तर इतकं लागलं नसतं. पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या टाक्या याच दाण्यांनी भरणार आहेत. बघता बघता रिकाम्या होतील त्या. दाण्यांतलं विरघळलेलं मँगनीज धुण्याच्या पाण्यातून कुठल्या विहिरीत जाईल कुणास ठाऊक. आणि नाव माझं.

मामा : अजून कुणाला काही ठाऊक नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या खेपेला जाड मुलामा दे, म्हणजे झालं.

भाची : आणि तोवर त्या टाक्यांतही तुम्ही चिमूट चिमूट टाकत बसणार?

मामा : मग काय करू म्हणतेस?

भाची : आजपासून नळीला हात लावायचा नाही. परवा माणसं येतील, तेव्हा जेवढे दाणे उरतील तेवढेच दाखवायचे. रिकामी दिसली तर दिसू दे. आणि का रिकामी, तेही सांगायचं.

मामा : सांगशील तू? मी बसतो शेजारी.

भाची : मी बसेन शेजारी. सांगायचं तुम्ही, सर.